गाभाऱ्याच्या दाराचा मध्य

नाना गेले आणि देवळावरचं त्यांचं पुस्तक शेवटच्या आकृतीवर अडलं. त्यांचा हात कापायला लागल्यापासून ते वहीत मापं लिहायचे आणि त्यावरून लेक आकृत्या काढायची. गाभाऱ्याच्या दाराची तेवढी राहिली होती. ती तिने एकटीने पुरी केली, आणि संपादकांचा फोन आला.

"दार देवापेक्षा उजवीकडे सरकलेलं दाखवलंयत. फोटोत तसं वाटत नाही. शेवटी नजर अधू झाली होती ना त्यांची? आपण मधोमध दाखवून टाकू."

ते 'टाकू' तिला झोंबलं. चाळीस वर्षांत नानांनी एक माप अंदाजाने लिहिलं नव्हतं.

सकाळीच ती आत्याला घेऊन देवळात गेली. गाभारा आठशे वर्षांचा, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेला. पुढचा मंडप तीनशे वर्षांनी लहान. देवाला स्नान घालून पुजारी उंबरठ्यावरची कालची फुलं काढत होते.

"दार सरकलेलं आहेच," ते म्हणाले. "दाराचा मध्य थेट देवाच्या मध्यावर आणायचा नाही, हा बांधणाऱ्यांचा नियम. नाहीतर वेध होतो, वास्तूला दोष लागतो म्हणायचे."

तिने टेप लावली. आत्याने दुसरं टोक धरलं. अंतर दोन बोटं, वहीत होतं तेवढंच. पण डावीकडे. तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा डावीकडेच.

"दादा चुकला?" आत्याने खांबाला विचारावं तसं विचारलं.

तिने वही पुन्हा उघडली. म्हणजे नजर खरंच गेली होती, आणि आपल्याला कळलंही नाही.

"वहीत काय लिहिलंय?" पुजाऱ्यांनी विचारलं.

"दोन बोटं उजवीकडे."

"मग बरोबर आहे की!"

"काका, हे डावं आहे."

"तुमचं. देवाचं उजवंच." ते मूर्तीशेजारी बाहेर तोंड करून उभे राहिले आणि उजवा हात हलवला. "आम्ही सगळं देवाच्या अंगाने मोजतो. नाना माझ्याशी वाद घालत इथेच म्हातारे झाले, ते दुसरं काय लिहिणार?"

मूर्तीच्या हातांचं वर्णन करताना तीही देवाचंच उजवं-डावं धरायची. दारापाशी तेवढी विसरली.

"म्हणजे चूक माझी!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की मंडपातली पारवी उडाली.

"काय गं, एवढ्या आनंदाने?" आत्या हसली. "लहानपणी कप फोडलास की मांजरावर ढकलायचीस."

तिने तिथूनच संपादकांना फोन लावला. "वही बरोबर आहे, आकृती मी उलटी काढली. दुपारपर्यंत नवी पाठवते."

मग मंडपात बैठक मारून तिने कागद पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून आत्याने कडा धरल्या. पुजाऱ्यांनी आतली समई उचलून तिच्याजवळ आणून ठेवली, रेघ नीट दिसावी म्हणून.