ढेरू, पोट

"तिकीट काढून स्वतःचा पोरगा मेलेला बघायचा? तू जा, मला नाही जमायचं," असं म्हणून नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, तेव्हा ती एकटीच निघाली.

तिला काही सिनेमाचं वेड नव्हतं. दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री फिरवणारी बाई, घरी आली की पाठ टेकायची. पण हा सिनेमा तिच्या पोराचा होता. छोटासाच, हसवणारा, मित्रमंडळींनी पदरमोड करून काढलेला. पोराचं काम काय, तर प्रेताचं. त्याच्या सुटलेल्या पोटामुळे सगळे त्याला ढेरू म्हणायचे, आणि त्या पोटानेच घोळ घातला होता. शूटिंगवरून आला की जेवताना सांगायचा, "आई, मी मेलो तरी हे पोट काही मरेना. सारखं वरखाली. मग आमची दिग्दर्शिका ओरडते, ढेरू, पोट. की पुन्हा पहिल्यापासून." सांगता सांगता हसून ठसका लागायचा त्याला. "तू बघच. नीट बघितलंस तर हलताना दिसेल."

शूटिंग संपलं आणि थोड्याच दिवसांत तो खरोखरच गेला. कामावर बसल्या जागी छाती धरली, एवढंच. दवाखान्यात चादर घातलेल्या त्या पोटाकडे ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. आता हलेल, मग हलेल. नाही हललं मेलं. शेवटी नर्सने दंडाला धरून तिला बाहेर नेलं.

तेव्हापासून तिला एकच ध्यास. ते पोट एकदा, फक्त एकदा हलताना बघायचं. फोटो घरात ढीगभर होते, पण फोटोत कुठे श्वास असतो?

सिनेमा महोत्सवाचं सभागृह भरलं होतं. दिग्दर्शिका तिच्या शेजारीच बसली; पोरीचा चेहरा पार उतरला होता. "काकू, बघवणार नसेल तर अजून सांगा. बाहेर जाऊन बसू आपण."

"गप बस. चष्मा पुसायला काहीतरी दे."

अंधार झाला. पडद्यावर पलंग, पलंगावर ढेरू, छातीपर्यंत चादर. तिने नजर पोटावरून हलवली नाही. दोन भाऊ प्रेत खाली न्यायला निघतात, पण आडवं ते लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून उभंच करतात. मधल्या मजल्यावर शेजारीण आत शिरते आणि ढेरूला म्हणते, "काय हो, बोलत नाही हल्ली? फार शिष्ट झालात." सभागृहात हशा पिकला. मागचा एकजण तर खुर्चीवर थापा मारत होता. ती मात्र हात जोडल्यासारखी बसून मनात घोकत होती, हल रे बाबा, एवढ्यात हल. लिफ्ट खाली आली, नावं सरकायला लागली, दिवे लागले. पोट दगडासारखं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

लोक उठून टाळ्या वाजवत होते.

"पोट हलतं म्हणाला होता," ती म्हणाली. "मला दिसलंच नाही. माझीच नजर अधू झाली की काय?"

पोरीने मान खाली घातली. "नजर नाही काकू. हलत होतं. मी कॉम्प्युटरवर बसून झाकलं, त्याच्यावर न हलणारं चित्र चिकटवलं. एकेक श्वास शोधून पुसला. तो गेल्यावरही पुसत होते. चूक दिसली तर लोक हसतील म्हणून."

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "काम चोख केलंस गं. खरंच मेलेला वाटला." पोरगी हमसून हमसून रडायला लागली. तिला पोरीवर रागवायचं होतं, चांगलं फाडून खायचं होतं, पण अंगात त्राणच नव्हतं. "पुसायच्या आधीचं काही उरलंय का?" तिने विचारलं. आवाज भीक मागितल्यासारखा आला, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

उरलं होतं. जिन्याच्या पायरीवर पोरीने लॅपटॉप उघडला. तोच पलंग, तीच चादर. आणि चादर वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

तिने तोंडावर पदर धरला.

"ढेरू, पोट," लॅपटॉपमधून पोरीचा आवाज कडाडला. शेजारी बसलेल्या पोरीने घाईघाईने आवाज बंद करायला हात पुढे केला, तो तिने घट्ट धरून ठेवला. "राहू दे. त्याला ऐकू येतंय बघ."

खरंच येत होतं. प्रेताच्या ओठांचा कोपरा हलला, पोट गदगदायला लागलं, आणि ढेरू डोळे मिटूनच खो खो हसत सुटला. पडद्यावर त्याच्या भोवतीचे सगळे हसले. ती हसली, डोळ्यांना धार लागली तरी हसत राहिली.

"अरे मेलायस तू," आतली पोरगी वैतागून म्हणत होती, "श्वास घेऊ नकोस."

तिने काचेवर, त्या वरखाली होणाऱ्या चादरीवर, इस्त्रीने भाजलेली बोटं टेकवली.

"घे रे राजा," ती म्हणाली. "तिचं काय ऐकतोस. घे तू."