पुराव्याअभावी

तिने साहेबाच्या टेबलावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ पाहिली आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती रुमालाला पुसली. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात तिने असंच बोट फिरवलं होतं. हेडसिस्टरच्या त्या बोटाला आया तर सोडाच, नवे डॉक्टरही टरकून असत. भरपाई कार्यालयातला हा साहेब मात्र पेनाच्या टोपणाने कान कोरत बसला होता.

"बाई, सही करा. बाहेर रांग लागलीय."

"वाचून झालं की करते. तुम्ही वाचलाय का हा कागद?"

"छापील आहे तो."

"म्हणजे नाही."

शेजारी मांडीवर फाइल घेऊन बसलेला नवरा उगाचच खाकरला.

वॉर्डाच्या कुलूपबंद कपाटातून दुखणं थांबवायची बावीस इंजेक्शनं कमी भरली होती. किल्ली तिच्याकडे. पोलिसांनी तिला युनिफॉर्मवरच, सगळ्या पेशंटसमोरून नेलं. नऊ दिवस कोठडी, दोन वर्षं तारखा. मग कुणाला तरी औषधसाठ्याची वही नीट बघायची बुद्धी झाली. आलेला एकच खोका दोनदा मोजला गेला होता. ती इंजेक्शनं मुळात आलीच नव्हती. खटला मागे घेतला गेला. माफी कुणीच मागितली नाही. ज्या पोरींना तिने सुई धरायला शिकवलं, त्या आता रस्त्यात समोर आल्या की पर्समध्ये काहीतरी शोधायला लागत.

तिने कागदावरच्या तिसऱ्या ओळीवर नख टेकवलं.

"'पुराव्याअभावी खटला मागे.' हा शब्द काढा. पुरावा कमी पडला नव्हता, चोरीच झाली नव्हती. 'निर्दोष' लिहा."

"अहो, रक्कम तेवढीच मिळणार. शब्दाने काय फरक पडतो?"

"पडत नसेल तर बदला की."

साहेबाने सुस्कारा टाकला. "वर विचारून येतो," म्हणत तो कागद तिथेच ठेवून उठला. त्याच्या शर्टाचं मागचं टोक बाहेर लोंबत होतं. धड शर्ट खोचता येत नाही आणि हे माणसं तोलणार, असं काहीसं ती पुटपुटली.

"जाऊ दे ना गं," नवरा म्हणाला. "कर सही. सुटलीस, पुष्कळ झालं. वकील हुशार निघाला आपला. खोका दोनदा मोजला म्हणे! कुठून शोधून काढतात!"

तिने मान वळवली. "शोधून काढतात म्हणजे?"

नवऱ्याने दाराकडे पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली. त्याचे डोळे भरून आले होते.

"मी कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण त्या वर्षी आईच्या हाडांत कॅन्सर पसरला होता. डॉक्टर म्हणाले होते, ओरडत जाईल. आणि आई तुझ्या देखभालीत झोपेत गेली. सख्ख्या लेकीने केलं नसतं एवढं केलंस. मला कळत नव्हतं का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. जामिनासाठी दारोदार फिरलेला, कोठडीत रोज डबा आणणारा हा माणूस.

"डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध देत होते मी," ती म्हणाली. "मेडिकलमधून तुम्हीच आणायचात. कपाटातलं एकही इंजेक्शन मी घेतलं नाही."

"हो, हो." त्याने तिचा हात थोपटला. "मी कुणाला सांगतोय?"

तिने हात काढून घेतला नाही.

साहेब ओठ पुसत परत आला. चहा झाला असावा.

"वरचे म्हणतात, शब्द बदलायचा तर नवा अर्ज करा. सहा महिने जातील. मग, करताय ना सही?"

तिने कागद त्याच्याकडे सरकवला. सहीची जागा कोरीच होती.

"नवा अर्ज द्या," ती म्हणाली. "आणि शब्द बदलून आला की दोन प्रती लागतील मला. एक घरात द्यायची आहे."