मिटल्या कळ्यांचा वळेसार

मान मिळावा आणि तो पेलणाऱ्या देहाने नेमक्या त्याच घटकेला पाठ फिरवावी, अशा वेळी दोष देहाला द्यावा की दैवाला, हे ठरविणे भल्याभल्यांना कठीण.

फाल्गुन होता. सुवर्णकेसरी सुरंगीने फांदी न् फांदी लगडली होती. समुद्र निळा, वाळू शुभ्र, आणि त्या दोहोंमध्ये गंधाची एक अदृश्य, उन्मत्त लाट.

त्या सागरतीरीच्या वाडीत ग्रामदेवीचा जत्रेचा वळेसार, म्हणजे सुरंगीची घट्ट वळलेली माळ, ऋतुनिवृत्त झालेल्या सुनेनेच वळावा, असा घराण्याचा मान. सासू भागीरथीने तो वर्षानुवर्षे सांभाळला. यंदा तो तिच्या सुनेकडे, इंदुमतीकडे आला. मध्यान्हीपूर्वी माळ चढली नाही, तर मान दुसऱ्या घरी जाणार.

परंतु इंदुमतीचा ऋतू गेला, तो अर्धशिशी मागे ठेवून. अंगात अवचित वणवा, अवचित घाम. आणि कपाळाच्या डाव्या अर्ध्यात विजेची नागीण. प्रकाश तिला डसे, गंध तिला डसे. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, समजावले, "संप्रेरकांची ही भरती-ओहोटी आहे. शरीर नवा किनारा शोधते आहे. सापडेल."

जत्रेच्या सकाळी ऊन चढताना इंदुमतीने परडीभर उमललेली, उत्फुल्ल, मधुगंधी सुरंगी खुडून आणली. ओसरीवर परडी ठेवली मात्र, गंधाने तिचे मस्तक दुभंगले. पदरात तोंड लपवून ती मटकन खाली बसली.

"आये, माका जमाचा नाय. ह्यो वास माका सोसना नाय. देवीन माका नाकारल्यान."

भागीरथीने परडी दूर सारली. "नाकारल्यान? अगो, आणि ही फुललेली फुला कित्याक आणलंस?"

"देवीक उमललेला देवचा म्हणान."

"येडी! विहिरीकडच्या सावलीतले कळे अजून मिटलेले आसत, ते घे. कळ्याक वास नाय. फुलवचा काम तिचा, तुझा न्हय."

"आणि ह्यो उजेड?"

"डोळे मीट. माळ काय डोळे वळतत?"

इंदुमतीने विस्मयाने मान वर केली. "म्हणजे तुमी दरवर्षी डोळे मिटान बसायच्यात, ता ध्यान नव्हता?"

"ध्यान खयचा! अर्धा कपाळ ठणकत होता! गावान साध्वी केल्यान, मी गप रवलंय."

आणि त्या वेदनेच्या ऐन मध्यावर, कपाळ दोन्ही हातांनी धरून, इंदुमती हसली. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली.

विहिरीच्या शीतल छायेत, डोळ्यांवर ओले फडके बांधून ती बसली. केळीच्या सोपटाचा ओलसर धागा, मोत्यांसारखे गोल गोल कळे, आणि बोटे. बोटांना सारे ठाऊक होते. कळा, वेढा, गाठ. कळा, वेढा, गाठ. सासू कळे देत होती, सून वळत होती. अंधार मऊ होता, अंधार दयाळू होता.

मध्यान्हीपूर्वी माळ चढली. मिटलेली, मूक, निर्गंध माळ पाहून बायका कुजबुजल्या.

मग समयांच्या उबेत, देवीच्या कृष्णपाषाण कंठावर एक कळा उमलला. मग दुसरा. मग दहा, मग शंभर. गाभारा केसरमय झाला, सभामंडप गंधमय झाला, आणि आतून बायकांचा हर्षकल्लोळ उठला.

इंदुमती बाहेर, सागरवाऱ्यात उभी होती. ठणका ओसरत होता, थेंब थेंब, लाट लाट. गंध तिच्यापर्यंत आला तो वाऱ्याने धुतलेला, सौम्य, लेकरासारखा. आणि तिने तो निर्भयपणे उरात घेतला.

ज्यांच्या देहात ऋतू कूस पालटतो आहे, त्या साऱ्या लेकीसुनांना सावली लाभो, शहाणी सोबत लाभो. आणि त्यांच्या मिटल्या पापण्यांआड शांतता हळूहळू उमलो.