पिंगळ्यासमोरची खोली

"पिंगळा नेमका कुठे बसतो?" अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या पाहुणीनं विचारलं.

सलोमत-अपांच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली. ना सलाम, ना घरच्यांची विचारपूस, एकदम पिंगळा! त्यांनी सुनेकडे पाहिलं. शोइरा मान खाली घालून तुतीच्या झाडाखालची पानं झाडत होती. झाडायला तिथं पान म्हणून नव्हतं.

"इंटरनेटवर हे तूच लिहिलंस ना?" अपांनी पाहुणीकडे बघून हसत हसत, पण आपल्या भाषेत सुनेला विचारलं.

"खरं तेच लिहिलं. मागच्या पडक्या भिंतीत पिंगळ्याची जोडी आहे, आमच्या खिडकीतून दिसते."

"हात दाखवून अवलक्षण! घराजवळ पिंगळा बोलतो ही गोष्ट माणसं शेजाऱ्यांपासून लपवतात. आणि तू बाई जगाला आवतण धाडतेस!"

"ओयी," आईला मारतात तशी हाक मारत शोइरा म्हणाली, "पाच महिन्यांत या घरात एक माणूस उतरलेलं नाही. शेजारच्या ओलिम-अकांच्या हॉटेलात कारंजं आहे. आपल्याकडे काय आहे? पिंगळा आहे."

बुखाऱ्याच्या त्या गल्लीत आता दर तिसऱ्या दाराला 'पाहुण्यांसाठी खोल्या' अशी पाटी होती, आणि अपांची पाटी सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत फिकी होती.

पाहुणीचं नाव आल्दोना. लिथुआनियाची, सत्तरीला टेकलेली, बगळ्यासारखी सडपातळ. गळ्यात दुर्बीण. रशियन बोलायची, पण शाळेत शिकलेली आणि मग तीस वर्षं पेटीत ठेवलेली. चार दिवसांसाठी आली होती ती, आणि तिला ना किल्ला बघायचा होता ना मिनार. शहरात माणसांच्या अंगाखांद्यावर राहणारी पाखरं तेवढी बघायची होती. घुमटातल्या पाकोळ्या, होले, साळुंक्या आणि पिंगळा. राहायची जागाही ती त्याच हिशेबानं निवडत होती. सकाळपासून दोन घरं बघून झाली होती.

"पहिल्या ठिकाणी कारंजं आहे, पण खिडकीतून मोटारी दिसतात," ती वहीत बघत म्हणाली. "तळ्याकाठच्या घरी म्हणाले, समोर करकोच्याचं घरटं आहे. जाऊन बघते तर करकोचे पत्र्याचे!"

"खरे होते हो," अपा म्हणाल्या. "माझ्या लहानपणी मिनारामिनारावर होते. मग तळी आटवली, बेडूक गेले, आणि एका वसंतात करकोचे आलेच नाहीत. आम्ही पोरं छपरावर चढून वाट बघायचो. मोठी माणसं म्हणायची, येतील पुढच्या वर्षी."

पुढची खोली पाहुणीला दाखवली. कोरीव कोनाडे, नवी गादी, थंड हवेचं यंत्र. आल्दोना सरळ खिडकीशी गेली, दुर्बीण लावली आणि मान हलवली. "इथून भिंत दिसत नाही. ती कोपऱ्यातली खोली कुणाची?"

अपांचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला. "माझ्या मुलाची."

"तो घरी आहे का?"

"कामाला गेलाय."

हे उत्तर त्या नऊ वर्षं देत होत्या. अक्रोम खरोखरच कामाला गेला होता. रशियात सुरगुतला, बांधकामावर. दीड वर्ष दर रविवारी फोन आला, मग एका रविवारी आला नाही. फोन बंद. गल्लीतली तिकडे गेलेली पोरं विचारून विचारून थकली. जिवंतांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं आणि मेलेल्यांच्याही नव्हतं.

निघाला त्या पहाटे अपांनी तंदूरमधून काढलेली गरम रोटी रिवाजाप्रमाणे त्याच्या तोंडाशी धरली होती. परदेशी निघालेल्यानं एक घास तोडायचा, उरलेली रोटी भिंतीवर टांगायची. ती रोटी वाट बघते, माणसाला मागं ओढते. परत आला की त्यानंच ती संपवायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "ओयी, जीभ पोळली!" म्हणून अक्रोम हसला होता. गल्लीतल्या सगळ्या घरी अशा रोट्या होत्या. पोरं परत आली, दगडासारख्या रोट्या चहात बुडवून कसेबसे दात लावत खाल्ल्या, बायका हसून हसून लोळल्या. एकट्या अपांच्या घरची रोटी खिळ्यावर राहिली. दर शुक्रवारी त्या तिच्यावरची धूळ मऊ फडक्यानं टिपायच्या. अक्रोमचा वरचा एक दात वाकडा होता. घासाच्या कडेला त्याची खूण होती, बोटाला लागायची. ती लागली की अपांना त्या आठवड्यापुरतं बरं वाटायचं.

आल्दोना वही मिटत होती. "मग मी आणखी एक-दोन घरं बघते. चहा फार छान होता."

चहा प्यालेली पाहुणी उंबऱ्यावरून परत जाणार! अपांचे सासरे म्हणायचे, पाहुणा बापाहून मोठा. आणि भिंतीपलीकडून ओलिम-अकांचं डोकं वर आलेलंच होतं.

"काय अपा, पिंगळा भाड्यानं देताय म्हणे! आमच्या कारंज्यावर कावळे बसतात, त्यांनाही गिऱ्हाईक बघा की!"

"तुझ्याकडे कावळेच येणार रे ओलिम," अपा म्हणाल्या. "पाखरांना घरधन्याची पारख असते."

डोकं खाली गेलं. अपांनी कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढली. खरं सांगायचं तर रागानं नाही काढली आणि रिवाजानंही नाही. त्या खोलीतून संध्याकाळी त्यांना खोकल्याचा आवाज यायचा. धावत जाऊन दार उघडावं तर काही नाही, नुसती गादी. नऊ वर्षांत तिथं कुणी झोपलं नव्हतं, शोइरासुद्धा नाही. कुणी तरी चार रात्री तिथं झोपावं, कूस बदलावी, असं त्यांना एकदम वाटून गेलं. फार वाटलं.

अक्रोमचे कपडे त्यांनी पेटीत भरले, बूट उचलले. रोटी तेवढी खिळ्यावर ठेवली. ती काढायचा हक्क त्यांनाही नव्हता. पाहुणीला सांगावं का? एकतीस वर्षं संग्रहालयाच्या दालनात खुर्चीवर बसून अपांनी एकच वाक्य म्हटलं होतं, 'हात लावू नका.' झोपेतसुद्धा म्हणायच्या. पण आता हात लावू नका म्हटलं की ती विचारणार, का? मग सांगावं लागणार. आणि मुलगा नऊ वर्षं आला नाही, हे अपांनी आजवर स्वतःच्या तोंडानं उच्चारलं नव्हतं. काही न सांगता त्यांनी किल्ली पाहुणीच्या हातात दिली.

संध्याकाळी त्या चुलीवर गाजरं परतत होत्या. कोपऱ्यातल्या खोलीतून दबका, आनंदानं फुटलेला आवाज आला, "आला! आला!"

अपांच्या हातून झारा खाली पडला. अंगण ओलांडून त्या दारापर्यंत पोचल्यासुद्धा. आल्दोना खिडकीशी गुडघे टेकून बसली होती. मागचं घर ज्यू कुटुंबाचं, तीस वर्षांपूर्वी सगळी माणसं निघून गेली ती गेलीच. त्याच्या ढासळलेल्या भिंतीच्या भोकात पिंगळा येऊन बसला होता आणि पिवळ्या डोळ्यांनी थेट या खिडकीकडे बघत होता.

"पाहिलात?" आल्दोना कुजबुजली.

"पाहिला," अपा म्हणाल्या, आणि दाराला धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला आल्दोनानं रोटीचा तुकडा दस्तरखानाच्या कापडावर पालथा ठेवला. अपांनी हळूच तो उताणा केला. "रोटीला असं तोंडावर पाडायचं नाही. टाकायची तर मुळीच नाही. शिळी झाली की भिजवायची आणि पाखरांना घालायची, उंचावर, कुणाच्या पायाखाली येणार नाही अशी. पुण्य लागतं."

आल्दोनाचे डोळे भरून आले. "आमच्याकडे रोटी खाली पडली तर उचलून तिचा मुका घेतात. माझी आई घ्यायची."

दोघींचं छान जमलं. अपांनी तिला स्वतःच्या हातानं साय वाढली.

तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी रशियाकडून येणारी गाडी कागानच्या स्टेशनात दुपारी लागायची आणि अपा तिथं जाऊन उभ्या राहायच्या. घरी त्या 'बाजारात जाते' म्हणायच्या. शोइरा काही विचारत नसे. त्या दिवशी गाडीतून पोतीच्या पोती उतरली, पोरं उतरली, कुणाच्या तरी आया रडल्या. फलाट रिकामा झाल्यावर अपांनी दोन कोथिंबिरीच्या जुड्या घेतल्या, बाजाराची खूण म्हणून, आणि परत आल्या.

अंगणात साळुंक्यांचा नुसता गोंगाट चालला होता. भिंतीवर मोठा कटोरा, त्याच्यावर होले, साळुंक्या, चिमण्या एकमेकींना ढकलत होत्या. आल्दोना हरखून हात चोळत होती.

"बघा, तुम्ही शिकवलंत तसंच केलं! काय कडक झाली होती हो ती, अगदी दगड. सकाळपासून भिजत घातली तेव्हा कुठे फुटली."

"कुठली?" अपांनी विचारलं. विचारताना त्यांना समजलं होतं.

"खोलीतली, खिळ्यावरची. कुणी तरी घासभर खाऊन विसरलेली."

अपा खोलीत गेल्या. भिंतीवर खिळा होता आणि त्याच्याभोवती रोटीएवढा पांढरा गोल. बाकी भिंत नऊ वर्षांत पिवळी पडलेली. त्या बाहेर आल्या तेव्हा आल्दोनाचा चेहरा उतरला होता. "काही चुकलं का माझं?"

पाहुणी. बापाहून मोठी. "नाही," अपा म्हणाल्या. "चांगलं केलंत. तुमच्या पिंगळ्याची वेळ झाली, जा."

स्वैपाकघरात शोइरा कांदा चिरत होती. अपांनी कोथिंबीर खाली ठेवली आणि दार लोटून घेतलं.

"तू कुठे होतीस?"

"इथंच."

"पाहुणी ती रोटी घेऊन अंगणात आली, ते तुला दिसलं नाही?"

"दिसलं." शोइराची सुरी थांबली नाही. "तिनं मला विचारलं. हीसुद्धा पाखरांना घालायची का म्हणाली."

"मग?"

"मी हो म्हटलं."

अपांचा हात उचलला गेला. चौदा वर्षांत सुनेवर त्यांनी हात टाकला नव्हता. तो तसाच हवेत राहिला.

"मारा," शोइरा म्हणाली. आता ती रडत होती, आणि ते काही कांद्यानं नव्हतं. "मारा, ओयी. मी तेविसाव्या वर्षी पंचवीस वर्षांच्या नवऱ्याची वाट बघायला लागले. आज बत्तीसची आहे. भाऊ दर ईदला म्हणतो, चल घरी, मोमीन-अकांचा भाऊ अजून लग्नाचं विचारतो. मी म्हणते, रोटी आहे ना अजून भिंतीवर. तुम्ही झोपता तेव्हा मी त्या खोलीच्या दाराशी बसते. मलापण खोकला ऐकू येतो. तुम्हालाच येतो असं वाटतं तुम्हाला? वेड लागेल मला या घरात!"

अपा चुलीशेजारच्या चौरंगावर बसल्या. इतकी वर्षं एका छपराखाली, आणि हिलाही तो आवाज येतो हे आपल्याला ठाऊक नव्हतं. त्यांना सुनेचा भयंकर राग आला होता आणि तितकीच तिची दयाही आली होती. दोन्हींचं काय करावं ते त्यांना कळेना. बाहेर पाखरांचा कालवा हळूहळू ओसरला.

मग त्या उठल्या, अंगणात आल्या. भिंतीजवळ स्टूल ओढून वर चढल्या आणि कटोरा खाली घेतला. तळाला गढूळ पाणी होतं आणि त्यात एकच तुकडा उरला होता. कडेचा. त्यांनी तो बोटांत धरला. भिजून फुगला होता, वाकड्या दाताची खूण कुठे लागत नव्हती. त्यांनी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं.

शोइरा मागून आली. "ओयी, टाका ते. पाखरांचं उष्टं आहे."

"पाखरांचं नाही," अपा म्हणाल्या. "माझ्या पोराचं आहे. लहानपणी ताटात घासभर टाकायचाच तो. मी कधी वाया जाऊ दिलं नाही."

"ओयी..."

"तुझ्या भावाला फोन लाव. म्हणावं, ये आणि बहिणीला घेऊन जा. पाहुणी जाईपर्यंत थांब मात्र, मला एकटीला तिची उठाबस होणार नाही."

शोइरा जागची हलली नाही. ओढणीत तोंड खुपसून ती उभीच राहिली.

अपा तुतीखालच्या बाजेवर बसल्या आणि बिस्मिल्ला म्हणून त्यांनी तो तुकडा तोंडात घातला. त्याला कसलीच चव नव्हती, नुसतं पाणी आणि पीठ. घाई न करता, एक एक कण चावून, त्यांनी तो संपवला.