चांगलं तेवढं लिहा

प्रॉसीबाईंनी नाकिवालाच्या वहीतलं पान टर्रकन फाडलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं, आणि वर म्हणाल्या, "रागावू नका हं. तुमच्याच भल्यासाठी."

मसाका शहराकडच्या त्या गावात आजाराने नवरे नेले आणि बायकांच्या अंगात स्वतः मुक्काम ठोकला. त्या बायका दर गुरुवारी दवाखान्याच्या ओट्यावर बसून, प्रॉसीबाईंच्या देखरेखीखाली, मुलांसाठी आठवणींच्या वह्या लिहीत. उद्या आपण असू-नसू, लेकराला आपलं कूळ आणि बापाचा स्वभाव तरी कळावा म्हणून. नाकिवालाने नवऱ्याच्या हसण्यावर पानंच्या पानं भरली, तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. मग तिने पुढचंही लिहिलं. रीतीप्रमाणे त्याला घरामागच्या केळीच्या बागेत पुरलं होतं, आणि वर्ष सरायच्या आत दीर लुबवामाने बाग तोडून जमीन खणून सपाट केली, कबरीसकट. ते कागदावर उतरलं आणि कितीतरी महिन्यांनी तिला शांत झोप लागली.

नेमकं तेच पान बाईंना खुपलं.

"पाहुणे येणार आहेत वह्या बघायला," प्रॉसीबाई म्हणाल्या. "आणि पोरीने वाचलं तर तिला काय वाटेल?"

"वाटायचं ते वाटेल. बाप तिचा होता."

"चांगलं तेवढं लिहा, नाकिवाला."

"चांगलं तेवढंच घडलं असतं तर मी इथं कशाला झक मारायला आले असते, बाई?"

आजाराने अंग पोखरलं, दिराने जमीन गिळली. हक्काचा राग तेवढा उरला होता, तोही या बाईला पर्समध्ये घालून न्यायचा होता. नाकिवालाचं डोकंच फिरलं. तिने वही उचलली, शाळेतून येणाऱ्या लेकीचा, नाबुकीराचा, हात धरला आणि तडक दिराचं शेत गाठलं.

लुबवामा झारीने पाणी घालत होता. "वहिनी, पिकात पाय घालू नकोस."

"पिकात कोण येतंय, भाऊजी? नवऱ्याकडे आलेय."

फणसाचं झाड तेवढं त्याने ठेवलं होतं, म्हणून जागा चुकली नाही. झाडाच्या पलीकडे, नवऱ्याचं डोकं होतं तिथे ती फतकल मारून बसली आणि वही पोरीच्या मांडीवर ठेवली.

"लिही."

"काय लिहू? बाई म्हणतात, चांगलं तेवढंच लिहायचं."

"दिसतंय ते लिही. चांगलं असलं तर तेही लिही."

"पोरीला कशाला मध्ये ओढतेस?" लुबवामा गुरगुरला.

"तू तिच्या बापाला कशाला ओढलंस?"

नाबुकीराने इकडेतिकडे पाहिलं. दातात जीभ धरून सावकाश लिहिलं, आणि शाळेत वाचतात तसं मोठ्याने वाचून दाखवलं:

"माझ्या बाबांच्या अंगावर काकांनी कोबी लावलाय. कोबी चांगला आलाय."