शेकोटीभोवतीचे डोळे

माझा स्वभाव संशयी आहे. चित्रकलेच्या बाईला तो असावाच लागतो, निदान पेणजवळच्या आमच्या शाळेत तरी. इथे अर्ध्या मुलांच्या घरी गणपतींचे कारखाने. वहीतला मोर मुलाने रंगवला की काकाने, हे ओळखता ओळखता माझे केस पिकले.

सहावीला 'हिवाळा' विषय दिला, तर सगळ्यांनी मोबाईलमध्ये बघून बर्फाची माणसं काढली. मी भडकले. "पेणला बर्फ फक्त मासळीबाजारात असतो!" दुसऱ्या दिवशी सकाळीच मैदानात शेकोटी पेटवली, सगळ्यांना भोवती बसवलं, मीही स्कार्फ बांधून बसले आणि म्हटलं, आता हे बघा आणि घरून काढून आणा. सगळ्यात चांगलं चित्र अलिबागच्या प्रदर्शनाला जाणार होतं.

हमरापूरच्या मनस्वीचं चित्र बघून मी चाटच पडले. शाली, धूर, ठीक आहे, पण डोळे? इतके जिवंत डोळे सहावीतली पोर काढेल?

"कोणी काढलंय?"

"मीच, बाई."

"मग माझ्यासमोर काढ."

तिने काढलं. शेकोटी तशीच, शाली तशाच. डोळ्यांच्या जागा मात्र कोऱ्या.

"डोळे?"

"ते आजा काढतो," ती सहज म्हणाली. "आमच्याकडं डोळ्यांना बाकीच्यांनी हात नाय लावायचा."

चोरी पकडली म्हणून मी खूश व्हायला हवं होतं, पण तिच्या चेहऱ्यावर चोरी नव्हतीच. कारखान्यात कोणी सोंड रंगवतं, कोणी पितांबर. डोळे घरातल्या थोरल्या हाताचे. शाळेचं चित्रही तिने त्याच रीतीने आजाकडे सरकवलं होतं. मला वाईट वाटलं. पण चित्र सगळं तिचंच आहे, असं लिहून मला सही करायची होती.

"उद्या डोळे तू काढ. नाहीतर चित्र जाणार नाही."

ती रडत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या बाकाला चिकटूनच उभी राहिले. तिने बारीक ब्रश घेतला आणि एकेका चेहऱ्यावर नुसत्या वळणदार रेघा ओढत गेली. सगळ्यांचे डोळे मिटलेले.

"ही पळवाट झाली हं, मनस्वी."

"धूर लागलाय त्यांना, बाई. तुम्हीच बोललात ना, बघून काढा."

शेवटी कोपऱ्यातली स्कार्फवाली बाई उरली. तिचाही एक डोळा रेघेनं मिटला. दुसऱ्यापाशी ब्रश थांबला. मग मनस्वीने तो टक्क उघडा काढला. जरासा वाकडा, पण थेट माझ्याकडे बघणारा.

"हा कसा काढलास? आजा रागावणार नाही?"

"इचारलं मी. आजा बोलला, मी आपला अंदाजानं काढलेला, तुझ्या बाईंचा डोळा मी कुठं बघितलाय? तू बघितलायस, तूच काढ."

"आणि एकच उघडा का गं?"

"एवढा धूर होता, तरी तुम्ही एका डोळ्यानं बघतच होतात बाई, कोण काय करतंय ते."

वर्ग खो खो हसला. मीही हसले. मग चित्रामागे सही केली. त्या डोळ्याकडे मात्र मला फार वेळ बघवेना.