डोंगरासाठी सरकलेली इमारत

आमच्या गावात कोणी गॅलरीचा रंग बदलायचा म्हटला तरी त्यावर सभा भरते. तेव्हा चौकातली जुनी बैठी दूधडेअरी पाडून तिथे पालिका आणि वाचनालयाची एकत्र इमारत बांधायची ठरली, म्हणजे केवढा गदारोळ झाला असेल ते सांगायला नको. एके दिवशी सकाळी माणसं आली आणि त्यांनी डेअरी पाडून रिकाम्या झालेल्या जागेवर उंच काठ्या रोवल्या. ही आमच्याकडची रीतच आहे. बांधायच्या आधी इमारतीचे कोपरे आणि उंची काठ्यांनी दाखवायची, लोकांनी ती हवेतली इमारत आठवडे न् आठवडे बघायची, आणि ज्याला खुपेल त्याने मुदतीत हरकत घ्यायची.

मी कॉफीचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले आणि मनातल्या मनात काठ्यांच्या मधे भिंती भरल्या. उजवीकडे चर्चच्या बाजूला सेंटिसचा डोंगर दिसतो, तो पार गेला. जाऊ दे, मला त्याचं काय! पण डावीकडची काठी बरोबर हुल्डाच्या खिडकीच्या मधोमध आली होती.

हुल्डा माझी नणंद. लग्न केलं नाही तिने, चौकाच्या पलीकडे एकटीच राहते. माझा नवरा एमिल गेला तेव्हा दफनानंतरच्या जेवणात ती सगळ्यांदेखत मला म्हणाली, "डॉक्टरला वेळेवर बोलावलं असतंस, तर माझा भाऊ आज इथे बसला असता." मी चमचा खाली ठेवला आणि उठून घरी आले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. बेकरीत समोरासमोर आलो तरी दोघी पावाकडे बघतो.

पण सकाळी तिची खिडकी उघडली की मी मनात म्हणायचे, चला, उठली. संध्याकाळी दिवा लागला की माझ्या घशाखाली घास उतरायचा. दिवसभरात मला बोलायला माणूस नसतं. खरं सांगायचं तर तो दिवा हीच माझी सोबत होती, आणि त्या काठीने त्यातला अर्धा कापला होता.

मी हरकत घेतली. कारण काय लिहिणार? नणंदेची खिडकी दिसणार नाही म्हणून? गावभर झालं असतं. मी लिहिलं, डोंगर दिसणार नाही.

झालं! खालच्या मजल्यावरचा ब्रुनो धावत वर आला. "एग्लीबाई, शाब्बास! आम्ही नुसते कुरकुरत बसलो आणि तुम्ही करून दाखवलंत. डोंगर सगळ्यांचा आहे!" आमच्या अख्ख्या रांगेने माझ्या हरकतीवर सह्या ठोकल्या. मी एका रात्रीत डोंगरवाली बाई झाले.

मग पालिकेचे टोब्लरसाहेब समेटासाठी स्वतः घरी आले. भला माणूस. माझ्या स्टुलावर बसून खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत राहिले.

"कायद्याने देखाव्यावर कुणाचा हक्क नसतो, एग्लीबाई," ते म्हणाले. "पण सरकारी इमारतीने शेजाऱ्यांच्या उरावर उभं राहू नये असं मला वाटतं. तेव्हा मोकळेपणाने सांगा, इथून तुमचं नेमकं काय जातंय?"

पलीकडे हुल्डा खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होती. जीभ नुसती हलवायची होती.

"सेंटिस," मी म्हणाले.

"तेवढंच ना?"

"तेवढं पुरे नाही का?"

"पुरे, पुरे," म्हणून त्यांनी कॉफी संपवली.

आमची पालिका एकदा शब्द देते म्हणजे देते. दोन आठवड्यांत माणसं आली आणि त्यांनी सगळ्या काठ्या उपटून डावीकडे सरकवून रोवल्या. उजवीकडे चर्च मोकळं झालं, डोंगर पायथ्यापर्यंत मोकळा झाला. डावीकडची फट मात्र बुजली आणि हुल्डाची खिडकी पूर्ण झाकली गेली. ब्रुनोने वाइनची बाटली आणून दिली. मी कुठल्या तोंडाने पुन्हा हरकत घेणार? जगाला दुरून डोंगर साजरे, मला तर दुरूनही नकोसा झाला होता.

इमारत उभी राहिली. चांगली आहे, खोटं कशाला बोलू. फिकट दगडाची, चर्चपेक्षा बुटकी, पायऱ्यांवर पोरं बसतात. पण माझ्या ताटासमोर आता एक भिंत आहे. मग मी एक युक्ती काढली. रिकाम्या बाटल्या टाकायची पेटी इमारतीच्या मागे, हुल्डाच्या दाराशी आहे. मी रोज संध्याकाळी एक बाटली घेऊन निघायचे, डाव्या बाजूने वळसा घालायचे, दिवा बघायचे आणि परत यायचे. एकट्या बाईकडे रोज रिकामी बाटली येते कुठून, असं लोक म्हणत असतील. म्हणोत.

नोव्हेंबरात धुकं उतरलं. डोंगर तर आठवडाभर कुणालाच दिसला नव्हता. त्या संध्याकाळी मी गेले तर हुल्डाच्या खिडकीत अंधार. दार वाजवलं, आधी हळू, मग दोन्ही मुठींनी. आत काही हाललं नाही. ब्रुनोला उठवावं, कुलूप फोडावं म्हणून मी या वेळी जवळच्या उजव्या बाजूने धावत निघाले.

माझ्या घराखाली कोणीतरी मान वर करून उभं होतं. हातात बाटली.

"हुल्डा?"

ती दचकली आणि लगेच डाफरली, "दिवा का नाही लावलास? केव्हाची बघतेय! मला वाटलं..."

"घरात नसताना दिवा जाळू? तुझा का बंद होता?"

"मीही घरात नव्हते ना!"

"इथे काय करतेस?"

"बाटली टाकायला आले."

"पेटी तुझ्या दारात आहे, हुल्डा."

तिच्या केसांवर धुक्याचं पाणी साचलं होतं. ती बराच वेळ तिथे उभी असणार.

"वर चल," मी म्हणाले.

तिने स्वयंपाकघरात कोट काढला नाही. सरळ खिडकीशी गेली आणि भिंतीकडे बघत राहिली.

"इथून माझी खिडकी दिसायची?"

"दिसायची."

"मग हरकतीत तसं का नाही लिहिलंस?"

मी कॉफीचं पाणी ठेवलं. "तू घेतली असतीस तर काय लिहिलं असतंस?"

"घेतली होती की," हुल्डा म्हणाली. "चर्चचं घड्याळ दिसणार नाही म्हणून."

"मग? दिसतं आता?"

"स्वच्छ दिसतं," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून नाक पुसायला लागली.